अकरा माणसं, चार केबिन

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ. नाणेघाटातून पूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे माल जायचा, हे मी शाळेत मुलांना दरवर्षी शिकवतो. पण आमच्या घरातलं कुणी कधी जहाजावर चढलेलं नव्हतं.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोला कधी नव्हे असा भाव आला. नारायणगावच्या बाजारात क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. थोरले दादा म्हणाले, "आयुष्यभर शेतात राबलो, या दिवाळीत आईला समुद्र दाखवू." मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्रींची क्रूझ ठरली. आम्ही अकरा जण होतो. शहात्तर वर्षांची आई, आम्ही तिघे भाऊ, तिघी जावा आणि चार मुलं. थोरली पुतणी चौदा वर्षांची, माझा मुलगा दहा वर्षांचा, धाकट्याचा मुलगा सहाचा आणि त्याची बहीण दोन वर्षांची.

बुकिंगचं काम माझ्याकडे आलं. मास्तर म्हणजे हिशेबी माणूस. मी सगळ्यात स्वस्त प्रकार निवडला. त्यात खोलीचा नंबर आपण घ्यायचा नसतो, कंपनी शेवटी देईल ती खोली आपली. मला वाटलं, झोपायला तर जायचं, कुठली का असेना! बोटीवर गेल्यावर कळलं, दोन खोल्या अगदी पुढच्या टोकाला होत्या, एक चार मजले खाली आणि एक पार मागे.

दुसऱ्या रात्री सहा वर्षांचा पुतण्या हट्टाने आजीजवळ झोपला. खोली बिनखिडकीची होती. मध्यरात्री तो जागा झाला तेव्हा मिट्ट काळोख. त्याला आई हवी होती. चाचपडत दार उघडून तो बाहेर गेला आणि मागे दार आपोआप बंद झालं. बाहेर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. तीन पावशेर तासाने तो दोन मजले खाली जिन्यावर रडताना एका सफाई कामगाराला सापडला. "खोली नंबर काय?" असं विचारलं, तर तो म्हणाला, "नारायणगाव."

त्याला सुखरूप आणून दिलं. कुणी कुणाला बोललं नाही. सकाळी आई मात्र म्हणाली, "आपल्या जुन्या घरात वीस माणसं झोपायची. पण रात्री हाक मारली, तर कुणीतरी ओ द्यायचं. इथं मी कुणाला हाक मारणार होते?"

श्रोतेहो, मोठ्या कुटुंबासाठी खोल्या निवडण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. आधी हाकेचं अंतर पाहावं, मग भाव.

आता हे करायचं कसं, ते सांगतो.

बोटीवरच्या खोल्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या. आतली बिनखिडकीची, बंद काचेच्या खिडकीची आणि सज्जाची. आतली खोली कशी असते, हे आमच्या भागात समजावणं सोपं आहे. लेण्याद्रीला गणपतीच्या लेण्यात वीस कोठड्या आहेत. कोठडीला स्वतःची खिडकी नाही, उजेड काय तो पुढच्या मंडपातून येईल तेवढाच. आतली केबिन अशीच, फक्त दिवा घालवला की तेवढाही उजेड राहत नाही. ती स्वस्त असते आणि झोप गाढ लागते. पण रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला ती गोंधळात टाकते. घ्यायचीच असेल, तर न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवावं.

सज्जा सगळ्यांना हवा असतो. पण चढायच्या वयाचं मूल असेल, तर तिथे खुर्ची कठड्याला लावून ठेवू नये आणि दाराची वरची कडी मोठ्यांनीच लावावी. आमच्यासारख्या घराला मी म्हणेन, एकच सज्जाची खोली घ्या, ती आजीला द्या आणि दिवसा सगळ्यांनी तिथे जमा. बाकीच्या खोल्या साध्या असल्या तरी चालतात.

दुसरी गोष्ट जागेची. एसटीत मागच्या सीटवर बसलेला माणूस जास्त उडतो, मधला कमी. बोटीचंही तेच. लाटांवर तिची दोन्ही टोकं वरखाली होतात, मध्य त्या मानाने स्थिर राहतो. शिवाय जितकं उंच जावं, तितकं हेलकावणं जास्त जाणवतं. म्हणून ज्यांना गाडी लागते, त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. नकाशात आणखी एक पाहावं, आपल्या वर आणि खाली काय आहे. वर पोहण्याचा तलाव किंवा खाली नाचगाण्याचं सभागृह असेल, तर तान्ही मुलं झोपत नाहीत. वरखाली दोन्हीकडे खोल्याच असतील, तर उत्तम. लिफ्ट जवळ हवी, पण अगदी दाराशी नको.

तिसरी गोष्ट शब्दांची. "शेजारच्या खोल्या" आणि "जोडखोल्या" यांत फरक आहे. शेजारच्या खोल्या नुसत्या लागून असतात, जायचं तर बोळातूनच. जोडखोल्यांना मधे आतून दार असतं. मुलांच्या घराला ते दार सोन्याच्या मोलाचं. अशा खोल्या थोड्या असतात, म्हणून लवकर सांगाव्या लागतात. त्या नसतील, तर समोरासमोरची दारं घ्यावीत.

चौथी गोष्ट माणसांच्या वाटणीची. बऱ्याच खोल्यांत दोन पलंग खाली आणि एक-दोन भिंतीतून किंवा छतातून उघडणारे असतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बहुधा कमी पडतं. पण चार माणसं खोलीत मावली, तरी चार बुकिंग मिळेलच असं नाही, कारण जीवरक्षक होड्यांत जितक्या जागा, त्या हिशेबाने त्या त्या भागातली माणसं मोजतात. वरच्या पलंगावर शिडीने चढावं लागतं, तिथे आजी नको आणि सहा वर्षांचं पोरही नको. प्रत्येक खोलीत एक तरी जाणतं माणूस हवंच. बहुतेक कंपन्या तसा नियमच करतात. चौदा वर्षांची पुतणी शहाणी आहे, पण तिला आजी आणि भाऊ दोघांची राखण देणं ही माझी चूक होती.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळलं आणि ३२ माणसं दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची संकटकाळची कवायत तोवर झालेली नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. आता ही कवायत बोट निघण्यापूर्वी किंवा निघाल्याबरोबर घ्यावी लागते. धोक्याचा भोंगा झाला की जमायची जागा अनेक बोटींवर खोलीनुसार ठरलेली असते. म्हणजे खोल्या चार दिशांना, तर अडचणीच्या वेळी कुटुंबही चार ठिकाणी. हे मला त्या रात्रीनंतर सुचलं आणि अंगावर काटा आला.

गेल्यागेल्या एक काम करावं. खोलीपासून जमायच्या जागेपर्यंत मुलांना तीन वेळा चालवत न्यावं, एकदा आपण पुढे आणि दोनदा त्यांना पुढे ठेवून. दारावर ओळखीची खूण चिकटवावी. खोलीचा नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात द्यावा.

माझी बहीण घोडेगावला दिलेली आहे. २०२४ च्या दिवाळीत तिच्या घरची नऊ माणसं अशाच सहलीला निघाली. तिने फोन केला, "दादा, कुठली बोट चांगली?" मी म्हटलं, "बोट नंतर बघू, आधी कागद घे." कागदावर नऊ नावं लिहायला लावली. प्रत्येकापुढे वय, गुडघे, रात्री कितीदा उठतो, कोण कुणाजवळ झोपतं, गाडी लागते का. मग तिने बुकिंगवाल्याला चारच प्रश्न विचारले. खोल्यांचे नंबर आत्ता मिळतील का? मधे आतून दार आहे का? वरखाली काय आहे? आमची जमायची जागा एकच असेल का? भाडं थोडं जास्त पडलं. पण दोन जोडखोल्या आणि समोर एक, अशा तीन खोल्या मिळाल्या. तिच्या सासूबाई परतल्यावर समुद्राबद्दल फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "झोप छान लागली."

लेण्याद्रीला परवा वर्ग घेऊन गेलो होतो. त्या कोठड्या पुन्हा नीट पाहिल्या. प्रत्येक भिक्षूची कोठडी वेगळी, पण सगळी दारं एकाच मंडपात उघडतात. रात्री एखाद्याने हाक मारली असेल, तर ती सगळ्यांना ऐकू गेली असेल.

आई आता पुन्हा चला म्हणते. या वेळी खोल्या ती निवडणार आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)