परत उघडलेल्या ब्राउझरमध्ये आधी कोणाचा नंबर?

आज आपण एक अगदी रोजची गोष्ट घेऊ. डेस्कटॉपवर काम चाललंय, ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे आहेत आणि लाईट जाते. लाईट आल्यावर ब्राउझर उघडला की तो विचारतो, आधीचं सगळं परत आणू का? आपण हो म्हणतो आणि ते चाळीस टॅब रांगेत येऊन बसतात. आजचा प्रश्न एवढाच, की या चाळिसांपैकी खरोखर कोण आलंय, आणि कोणाचा नंबर आधी लागतो?

टॅब दिसणं आणि त्यातलं पान उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी पक्कं करू. ब्राउझर चालू असताना शेजारी एक हिशेबाची वही लिहीत असतो. कोणता टॅब कुठे होता, त्यात कोणता पत्ता होता, त्याआधी कोणकोणती पानं पाहिली, पान कितपत खाली सरकवलं होतं, फॉर्ममध्ये काय टाइप केलं होतं, हे सगळं त्या वहीत जातं. फायरफॉक्स मुळात दर १५ सेकंदांनी ही वही डिस्कवर उतरवतो. म्हणून लाईट गेली तर फार तर शेवटची काही वाक्यं जातात, अख्खा फॉर्म सहसा जात नाही. (सहसाच हं. काही वेबसाइट आपला मजकूर अशा रीतीने ठेवतात की ब्राउझरला तो टिपताच येत नाही.)

या वहीवरून टॅबची पट्टी उभी करायला वेळ लागत नाही, कारण नाव आणि चिन्ह तिथेच लिहिलेलं असतं. वेळ लागतो तो पानं आणायला. ती बऱ्याचदा सर्व्हरकडून नव्याने मागवावी लागतात, त्यांच्यातल्या स्क्रिप्ट चालवाव्या लागतात, आणि एकेक पान शेकडो मेगाबाइट मेमरी खाऊ शकतं.

फायरफॉक्समध्ये ही सोय २००६ साली, दुसऱ्या आवृत्तीत आली. तेव्हा पद्धत साधी होती, सगळे टॅब एकदम लोड करायचे. आता पंगतीचा विचार करा. वाढपी एकच आणि पानं चाळीस. त्याने ठरवलं की सगळ्यांना एकदमच वाढायचं, तर कोणाच्या पानात नुसतं मीठ, कोणाच्या पानात नुसता भात, आणि पूर्ण ताट कोणाचंच नाही. आपण ज्या एका टॅबकडे बघत बसलेलो असतो, तोही इतर एकोणचाळिसांबरोबर ताटकळतो. आमच्या मते हीच त्या पद्धतीची खरी चूक. एकूण काम तेवढंच होतं, पण वाट बघायला लावली ती नेमकी समोर बसलेल्या माणसाला.

२०११ मध्ये फायरफॉक्स ४ ने एका वेळी तीनच टॅब असं बंधन घातलं. एक पूर्ण झाला की पुढचा. रांग आली म्हटल्यावर क्रम आला. समोरचा, म्हणजे निवडलेला टॅब सगळ्यात आधी. मग पिन केलेले, मग पट्टीवर दिसणारे, आणि शेवटी लपवलेले. त्याच वर्षी आठव्या आवृत्तीत ‘निवडल्याशिवाय लोड करू नका’ असा पर्याय आला, आणि २०१२ च्या तेराव्या आवृत्तीपासून तोच नेहमीचा रिवाज झाला. म्हणजे आज फायरफॉक्समध्ये समोरचा टॅब उघडतो, पिन केलेले उघडतात, आणि बाकीचे तुम्ही क्लिक करेपर्यंत नुसती पाटी लावून बसतात.

क्रोमने दुसरी वाट धरली. तो मागचे टॅबही आपणहून लोड करत राहतो, पण २०१५ पासून जो टॅब सगळ्यात अलीकडे पाहिला होता त्याला आधी घेतो, आणि जुन्यांना नंतर. मेमरी कमी पडतेय असं दिसलं की थांबतो, आणि उरलेले क्लिकवर सोडतो. यासाठी आधी वहीत एक रकाना वाढवावा लागला, कारण टॅब शेवटचा कधी पाहिला ही वेळच लिहून ठेवली नसेल तर क्रम लावणार कशावरून? क्रोमियमचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे. त्यात पुढे आणखीही बारकावे आलेले दिसतात. जो टॅब मागे राहूनही सूचना देतो त्याला जास्त वजन. सेटिंग्जसारखी ब्राउझरची स्वतःची पानं मात्र मागे, कारण ती केव्हाही चटकन उघडतात.

सूचनांचा मुद्दा साधा वाटतो, पण गफलत होते ती इथेच. समजा, कामाचं चॅट किंवा मेल तुम्ही एका टॅबमध्ये उघडून ठेवता आणि निरोप आला की तो टॅब वाजतो. ब्राउझर परत उघडल्यावर तो टॅब पट्टीवर दिसतोय, चिन्हही जागेवर आहे. तुम्ही निर्धास्त. पण त्यातलं पान लोडच झालेलं नाही, त्यामुळे निरोप येतोय की नाही हे बघणारं तिथे कोणीच नाही. दुपारपर्यंत काहीच वाजलं नाही, तर काही आलंच नाही असं आपण धरून चालतो. काही साइट टॅब बंद असतानाही सूचना पाठवू शकतात, पण सगळ्या तशा नसतात. अशा टॅबवर उजवं क्लिक करून तो पिन करून ठेवा. फायरफॉक्समध्ये पिन करणं म्हणजे नुसती जागा वाचवणं नाही, रांगेत पुढचा नंबर लावणं आहे.

श्रोत्यांतून आधीच एक प्रश्न आलाय, की बँकेचं लॉगिनही परत येतं का? ब्राउझर बंद केल्यावर जायला हव्यात अशा तात्पुरत्या कुकीही या वहीत जातात, त्यामुळे बऱ्याच साइटवर आपण लॉगिन असलेलेच परत येतो. बँका सहसा थोड्या वेळात स्वतःच बाहेर काढतात, पण सगळ्या साइट काढत नाहीत. सामायिक कॉम्प्युटरवर नुसता ब्राउझर बंद करू नका, लॉगआउट करा. खाजगी विंडो या वहीत लिहिली जात नाही, तिथे काम केलेलं बरं.

आता उरला एक अडचणीचा प्रकार. समोरचा टॅब सगळ्यात आधी लोड होतो म्हटलं, पण ज्या पानामुळे ब्राउझर कोसळला ते पान तोच असेल तर? उघडा, कोसळा, परत उघडा, परत कोसळा. यासाठी फायरफॉक्स लागोपाठच्या कोसळण्यांची मोजणी ठेवतो. एकदा कोसळला तर सगळं आपोआप परत आणतो. लगेच पुन्हा कोसळला तर मात्र काहीही लोड न करता आधीच्या टॅबची यादी समोर ठेवतो, प्रत्येकापुढे एक चौकट. संशय असेल त्या पानाची खूण काढायची, बाकीचे परत आणायचे. ही यादी दिसली की घाईघाईत नवं सत्र सुरू करायचं बटण दाबू नका, तुमचे चाळीस टॅब त्या यादीत आहेत.