काटा टाचेत, दुखणं जांघेत! अवधाण का येतं आणि ते का ठणकतं?

ज्वारीचं धसकट टाचेत घुसतं. ते उपटून काढलं, हळद दाबली की विषय संपला असं वाटतं. पण दोन दिवसांनी जांघेत बोराएवढी गाठ येते, पाय टाकवत नाही, अंगात कणकण भरते. गावाकडं याला अवधाण म्हणतात. मग कोणी ते चोळून बसवायला जातं, कोणी बिब्बा लावतं. टाचेकडं मात्र कोणाचंच लक्ष नसतं.

खरं तर ही गाठ नवीन आलेली नसते. मानेत, काखेत, जांघेत अशा शेकडो गाठी प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून असतात. डॉक्टर त्यांना लिम्फ नोड म्हणतात. एरवी त्या हरभऱ्याएवढ्या असल्यामुळं हाताला लागत नाहीत. पायाच्या जखमेतले जंतू बारीक नळ्यांतून वर जायला लागले की जांघेतल्या नाक्यावर अडवले जातात. तिथं पांढऱ्या पेशी जंतूंची ओळख पटवतात आणि भराभर वाढतात. म्हणून गाठ फुगते.

ती ठणकते कशामुळं, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. या गाठींना मज्जातंतू जोडलेले असतात. बोअरच्या पाइपाला बांधून केबल खाली सोडतात ना, तसे हे तंतू रक्तवाहिनीच्या कडेकडेनं गाठीत शिरतात. अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड फेल्टन यांनी 1980च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली हे दाखवलं. रोगाशी लढणाऱ्या पेशी मेंदूला न विचारता आपलं काम करतात, असं तोवर बहुतेक जण धरून चालले होते.

यातले काही तंतू वरचा निरोप खाली आणतात. ते गाठीत नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात. बैल अंगावर धावून आला की छाती धडधडते, तेव्हा शरीरात सुटतं तेच हे रसायन. लढणाऱ्या पेशींवर हा निरोप पकडायची सोय असते. जपानमधल्या ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये उंदरांवर दाखवलं, की हा निरोप पोहोचला की पेशी गाठीतून लवकर बाहेर पडत नाहीत, तिथंच थांबतात.

दुसरे तंतू खालची खबर वर नेतात. हार्वर्डच्या संशोधकांनी 2021 मध्ये उंदरांच्या गाठींतले असे तंतू शोधून काढले. त्यातले बरेचसे वेदना ओळखणाऱ्या जातीचे निघाले, आणि ते मुख्यतः गाठीच्या बाहेरच्या आवरणापाशी पसरलेले होते. पहारेकरी कुंपणाला असावा तसंच हे. लढाई सुरू झाली की पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं सोडतात, त्यानं हे तंतू हळवे होतात. त्यात गाठ फुगून आवरण ताणलेलं. मग नुसता हात लागला तरी कळ येते. आणि हे तंतू फक्त खबर देत नाहीत. हार्वर्डच्या प्रयोगात ते चेतवले, तेव्हा गाठीतल्या पेशींचं कामही बदललेलं दिसलं.

म्हणून ठणकणारं अवधाण चोळू नये. बिब्ब्यानं कातडी भाजते ती वेगळीच. इलाज टाचेचा करायचा: आत तुकडा राहिलाय का ते बघायचं, जखम साबण-पाण्यानं धुवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. टाचेची जखम भरली की गाठही उतरते, फक्त तिला जरा जास्त दिवस लागतात. जखमेपासून वर लाल रेघ चढत असेल किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जनावरांचंही असंच आहे. गोचीड तापात गाईच्या खांद्यापुढची गाठ सुजलेली हाताला लागते, ती हीच. डॉक्टर आधी तिथं चाचपतात ते त्यासाठीच.

आता उलटी बाजू. जी गाठ सावकाश वाढते, तिथं हे तंतू बऱ्याचदा गप्प राहतात. मानेतल्या टीबीच्या गाठी, ज्यांना जुने लोक गंडमाळा म्हणतात, सुरुवातीला बहुधा दुखतच नाहीत. कर्करोगाच्या काही गाठीही अशाच. ‘दुखत नाही ना, मग असू दे’ म्हणून लोक सहा-सहा महिने काढतात. दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी, कडक लागणारी किंवा वाढत जाणारी गाठ दाखवलीच पाहिजे. वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल तर लगेच. बारीक सुईनं गाठीतलं पाणी काढून तपासतात. टीबी निघाला तर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत.