दहा बोटांची झडती

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गास जेथे गदगचा फाटा फुटतो, त्या होटगीत माझ्या बहिणीचे घर आहे. आणि तिच्या तीन महिन्यांच्या नातवाच्या निमित्ताने तेथे पंधरा दिवस मुक्काम घडला असता, रोज सकाळी तान्ह्याला न्हाऊ घालावयास येणाऱ्या अक्कांचे काम जवळून पाहण्याचा योग मला आला.

अक्का न्हाणीत पाटावर बसून पाय लांब पसरीत, नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ निजवीत, आणि अंगाची मालीश उरकली म्हणजे, भोवतालच्या काळ्या रानात पिकणाऱ्या करडईचे कोमट तेल पुन्हा बोटांवर घेऊन पावलांकडे वळत. तळव्याच्या बाहेरच्या कडेने त्यांचा अंगठा टाचेपासून वर सरकला की बाळाच्या पायाचा अंगठा मागे वळे आणि उरलेली बोटे पंख्यासारखी पसरत. बाबिन्स्की या फ्रेंच वैद्याने १८९६ साली वर्णिलेले हे लक्षण प्रौढाच्या ठायी मज्जासंस्थेच्या विकाराची सूचना देते, पण तान्ह्याच्या ठायी ते स्वाभाविकच असते. "खुशीत हाय बघा लेकरू," एवढेच अक्का म्हणत.

न्हाण्यानंतर झडती सुरू होई. एकेक बोट अलग करून बेचक्यातला दुपट्याचा तंतू काढावयाचा, ओल टिपावयाची, मऊ पडलेली नखे कोपऱ्यांत न शिरता सरळ कापावयाची, आणि वाळा घट्ट होत नाही ना, हे त्यात करंगळी सारून पाहावयाचे, असा त्यांचा नित्याचा शिरस्ता होता.

एके रात्री बाळ अखंड रडले. पोट दुखत असावे अशा समजुतीने आम्ही बेंबीभोवती हिंग लावला आणि आळीपाळीने त्याला खांद्यावर घेऊन फिरलो. मोजा काढून पाहण्याचे मात्र कोणासही सुचले नाही. सकाळी अक्कांनी तो काढला, तो मधले बोट लालबुंद सुजलेले! ते उजेडाकडे धरून त्यांनी नखाने एक सूक्ष्म टोक उचलले आणि बाळाच्या आईचा लांबसडक केस वेढ्यावेढ्याने उलगडला. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस पुष्कळ गळतात, आणि असा एखादा केस बोटाचा रक्तप्रवाह अडवू शकतो. तो कातडीत रुतला असता, तर घरी खटपट न करता तत्काळ दवाखानाच गाठावा लागला असता.

आपल्या हातांची मर्यादाही अक्का जाणून होत्या. हजारात सुमारे एका अर्भकाचे पाऊल जन्मतःच आत वळलेले असते. अशा एका घरी मालीश वाढविण्याचा आग्रह झाला, तेव्हा "चोळून सरळ होत नसतंय ते, सोलापूरला न्या," असे सांगून त्या उठून आल्या होत्या. अशा पावलावरच्या पॉन्सेटी उपचारपद्धतीत पहिल्या काही आठवड्यांतच आरंभ करून, दर आठवड्यास प्लास्टर बदलीत पाऊल वळणावर आणतात. पुढे निजताना पट्टीचे बूट काही वर्षे घालावे लागतात, आणि त्यात हयगय झाल्यास व्यंग परतते.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी मी पाहिले, तो बहिणीची सून ओसरीवर बसून बाळाचे इवले मोजे उलटे करीत होती आणि आतला प्रत्येक सुटा धागा कात्रीने कापीत होती. दिवेलागण झाली तरी तिचे काम संपले नव्हते, आणि तिला हाक मारण्याचा धीर आमच्यापैकी कोणासही झाला नाही.