बोगदा एकदा भरला की

मँचेस्टरहून हॅडफील्डला जाणाऱ्या लोकलचे रूळ हॅडफील्डलाच संपतात, रेल्वेची वाट मात्र पुढं जात राहते. रूळ उखडून सपाट केलेल्या या पट्ट्यावर १९९२ पासून पायी जाणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा मार्ग आहे. डाव्या हाताला लाँगडेंडेल खोऱ्यातले, मँचेस्टरला पाणी पुरवणारे तलाव एकामागून एक येतात. खोऱ्यातून विजेचे मनोरे सोबत चालतात. दहाएक किलोमीटरवर वुडहेड स्टेशनचे ओस फलाट लागतात आणि त्यांच्यापुढं डोंगरात शिरणारी बोगद्यांची तोंडं. दोन जुनी, दगडी आणि अरुंद. तिसरं रुंद, काँक्रीटचं. एकातूनही गाडी जात नाही.

रेल्वेनं सोडलेल्या बोगद्यांचं पुढं काय होतं, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा दुसरी नावं आधी सुचली होती. बाथजवळचा कूम डाउन बोगदा २०१३ मध्ये सायकलींसाठी खुला झाला; १,६७२ मीटर अंतर आत दिव्यांच्या उजेडात पार करता येतं. नॉर्दम्प्टनशरमधला केट्सबी बोगदा पावणेतीन किलोमीटर लांब आणि अगदी सरळ. १९६६ मध्ये तो बंद पडला आणि २०२१ पासून तिथं मोटारींवरचा हवेचा रोध मोजतात. बोगद्यात वारा नाही, पाऊस नाही, म्हणून मोजमाप बिनचूक येतं. या दोन्ही गोष्टी सुखान्त आहेत. वुडहेडची गोष्ट तशी सरळ नाही, म्हणूनच ती सांगायला हवी. इथल्या बोगद्यांना दुसरं काम मिळालं, तेही चांगलं. पण त्या कामानं पहिल्या कामाची वाट अडवली.

पेनाइन्स म्हणजे काही सह्याद्री नव्हे. त्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाईच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त. पण मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन कारखानदार शहरांच्या मध्ये हाच दलदलीचा, झाडं नसलेला डोंगर आडवा होता. १८३८ च्या ऑक्टोबरात रेल्वेच्या कामाची पहिली कुदळ पडली. पहिले अभियंते चार्ल्स व्हिन्योल्स कंपनीच्या समभागांपायी कर्जात बुडून बाहेर पडले आणि काम जोसेफ लॉककडे आलं. वरून पाच विवरं खाली उतरवून त्यांच्या तळापासून दोन्ही दिशांना खोदाई झाली. १८४५ च्या डिसेंबरात पहिली गाडी गेली. तीन मैलांहून थोडा लांब, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटरचा हा बोगदा त्या काळी जगातल्या सर्वांत लांब बोगद्यांपैकी होता. खर्च दोन लाख पौंडांच्या घरात गेला.

हा झाला अधिकृत इतिहास. मला खिळवून ठेवलं ते हेन्री पॉम्फ्रेट या डॉक्टरच्या नोंदींनी. हॉलिंगवर्थ गावचा हा शल्यवैद्य बोगद्यावरच्या मजुरांवर उपचार करायचा आणि त्याचे पैसे मजूरच आपल्या वर्गणीतून द्यायचे. त्याच्याकडून मिळालेला हिशेब असा: ३२ मृत्यू, हाड कातडीबाहेर आलेले २३ अस्थिभंग, साधे अस्थिभंग ७४ आणि इतर गंभीर इजा १४०. मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन यांनी ही माहिती मांडली. सार्वजनिक आरोग्याच्या सुधारणांसाठी ओळखले जाणारे एडविन चॅडविक यांनी त्यावरून गणित केलं, की इथल्या मजुरांतलं मृत्यूचं प्रमाण तीन टक्क्यांहून जास्त, वॉटर्लूच्या लढाईतल्या सैनिकांपेक्षाही अधिक आहे. त्यातूनच १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेची रेल्वे मजुरांविषयीची चौकशी समिती बसली. समितीनं शिफारशी केल्या. संसदेनं त्यांवर काही केलं नाही.

इतके अपघात का झाले, याचं एक कारण हातात धरता येईल एवढं लहान होतं: लोखंडी गज. खडकात छिद्र पाडायचं, त्यात बंदुकीची दारू भरायची आणि वरून माती ठासून तोंड बंद करायचं. ठासायला लोखंडी गज वापरत. इथला वालुकाश्म गारगोटीच्या कणांनी भरलेला. लोखंड त्यावर घासलं की ठिणगी उडे आणि ठासणाऱ्याच्या तोंडावर स्फोट होई. तांब्याच्या गजानं ठिणगी पडत नाही, हे तेव्हाही माहीत होतं. पण तांबं महाग आणि मऊ. सुरक्षित वातही मिळत होती, कॉर्नवॉलच्या विल्यम बिकफर्डनं तिचं पेटंट १८३१ मध्येच घेतलं होतं. ती का वापरली नाही, असं समितीनं साहाय्यक अभियंता वेलिंग्टन पर्डन याला विचारलं. त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा, की तिनं वेळ फार जातो आणि थोडे जीव वाचवण्यासाठी तेवढा वेळ घालवावा असं मला वाटत नाही. हे उत्तर नोंदलेलं आहे. जुन्या बोगद्याचं कौतुक करताना ते विसरून चालणार नाही.

त्याच कामात दूरदृष्टीही होती. कंपनीकडे दोन मार्गांच्या बोगद्याचे पैसे नव्हते, म्हणून एकाच मार्गाचा बोगदा खोदला. पण पुढं दुसरा लागणारच, हे धरून बाजूच्या भिंतीत ठरावीक अंतरावर आडव्या कमानी ठेवल्या. १८४७ मध्ये दुसऱ्याचं काम निघालं तेव्हा मजूर या कमानींतून शिरून एकाच वेळी अनेक ठिकाणी खोदू लागले. नवी विवरं पाडावी लागली नाहीत, राडारोडा पहिल्या बोगद्यातून गाडीनं बाहेर गेला. १८४९ मध्ये पटकीच्या साथीत २८ जण दगावले, तरी १८५२ मध्ये दुसरा बोगदा सुरू झाला. भिंतीत जागा राखून ठेवण्याचा निर्णय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

शंभर वर्षं या दोन नळ्यांतून वाफेची इंजिनं धावली. एकच मार्ग मावेल एवढी जागा, पूर्वेकडे सतत चढ आणि छताशी कोंडलेला धूर. इंजिनावरच्या माणसांसाठी तो जीवघेणा प्रवास होता. धुरातल्या आम्लानं बांधकामही खात नेलं. रेल्वेनं इथं वीज आणायचं ठरवलं तेव्हा वरच्या तारेला जुन्या बोगद्यांत जागाच नव्हती. १९४९ मध्ये तिसऱ्या, दोन मार्गांच्या बोगद्याचं काम निघालं आणि ३ जून १९५४ रोजी तो खुला झाला.

इथं मुंबई-पुण्याच्या वाचकाला ओळखीचं काहीतरी सापडेल. वुडहेडच्या मार्गावरची वीज १,५०० व्होल्ट डीसी होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं १९२५ मध्ये मुंबईत आणि त्या दशकाच्या अखेरीस बोरघाट-थळघाटात आणली, ती हीच. घाटात चालणाऱ्या, ‘खेकडा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या इंजिनांची विद्युतसामग्री मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमधल्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीची. वुडहेडच्या इंजिनांचीही तिचीच. उतारावर मोटरी जनित्रासारख्या चालवून वीज तारेत परत सोडायची आणि तीच गाडीचा ब्रेक म्हणून वापरायची, ही युक्तीही दोन्हीकडे. त्यातलं एक खेकडा इंजिन मुंबईच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात उभं आहे. ते बघताना वुडहेडचीही आठवण ठेवावी.

पुढं वाटा वेगळ्या झाल्या. मुंबईनं डीसी वापरत वापरत हळूहळू २५ हजार व्होल्ट एसीकडे मजल मारली आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गासह ते काम पुरं झालं. ब्रिटननं १९५६ मध्येच २५ हजार व्होल्ट हे प्रमाण मानलं आणि जेमतेम दोन वर्षांचा वुडहेड मार्ग एकटा पडला. १९७० मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. यॉर्कशरच्या खाणींतला कोळसा पश्चिमेकडच्या वीजकेंद्रांना नेणाऱ्या मालगाड्या तेवढ्या उरल्या. ती वाहतूक घटली, जुनी विद्युतयंत्रणा बदलायचा खर्च समोर आला आणि १९८१ च्या जुलैत शेवटची गाडी गेली. तिसऱ्या बोगद्याचं वय तेव्हा २७ वर्षं होतं.

जुन्या बोगद्यांचा दुसरा जन्म त्याआधीच झाला होता. डोंगरापलीकडे ४०० किलोव्होल्टची वाहिनी न्यायची होती आणि मध्ये पीक डिस्ट्रिक्ट, ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. माळावर मनोरे उभारले तर क्षितिजाचा नूर जाणार. वीज मंडळानं जुने बोगदे विकत घेतले आणि १९६०च्या दशकाअखेर एका बोगद्यातून केबल टाकली. आत देखभालीसाठी छोटी अरुंदमापी रेल्वेही घातली.

उच्चदाबाच्या केबलचं खरं दुखणं उष्णता. प्रवाह वाढला की तार तापते. ती उष्णता वाहून गेली नाही तर तारेभोवतीचं विद्युतरोधक आवरण खराब होतं. जमिनीत पुरलेल्या केबलभोवतीची माती वाळली की उष्णता आणखीच कोंडते आणि बिघाड शोधायला रस्ता खणावा लागतो. बोगद्यात हवा खेळवता येते, माणूस केबलशेजारून चालत जाऊन जोड तपासू शकतो. इतका लांब, सरळ, तयार मार्ग वीजवाल्यांना नव्यानं खोदायचा झाला असता तर केवढा खर्च आला असता! हा पुनर्वापर मला मनापासून आवडला. ज्या डोंगरातून वीजकेंद्रासाठी कोळसा गेला, त्यातूनच आता तयार वीज जाते आणि वरचा माळ मोकळा राहतो.

अडचण झाली ती पुढच्या पावलात. जुनी केबल आणि जुने बोगदे दोन्ही थकले. नॅशनल ग्रिडनं नवी केबल तिसऱ्या बोगद्यातून न्यायचं ठरवलं. वीजवाहिनीच्या बाजूनं पाहिलं तर निर्णय चुकीचा नव्हता: बांधकाम नवं, जागा ऐसपैस, तोंडापर्यंत रस्ता. पण हाच एक बोगदा असा होता, ज्यातून आधुनिक गाडी पुन्हा जाऊ शकली असती. रेल्वेप्रेमी, स्थानिक पुढारी, मालवाहतुकीचा विचार करणारे सगळे विरोधात उभे राहिले. सरकारनं हस्तक्षेप केला नाही. २००८ ते २०१२ या काळात काम झालं. २०१३ मध्ये, रिकाम्या झालेल्या दोन जुन्या बोगद्यांची जबाबदारीही घेणार नाही, असं सरकारनं ठरवलं.

मग आता पुन्हा रेल्वे आणायची तर? वरच्या घाटरस्त्यावर ट्रकांची रांग असते आणि हिवाळ्यात बर्फानं तो रस्ता अधूनमधून बंद पडतो, तेव्हा प्रश्न रास्त आहे. पण तिसऱ्या बोगद्यात गाडी आणि ४०० किलोव्होल्टची केबल एकत्र नांदवणं म्हणजे आग, उष्णता आणि देखभाल या तिन्ही बाजूंनी संकट. केबल बाहेर काढायची तर आधी तिला दुसरा मार्ग हवा. जुने दोन बोगदे आहेत, पण तारांखालून धावणारी गाडी त्यांत मावत नाही, म्हणूनच तर तिसरा खोदावा लागला होता. शिवाय बोगदा बंद करून ठेवला म्हणजे तो आहे तसा राहतो, असं नाही. डोंगराचं पाणी विटांच्या सांध्यांतला चुना धुऊन नेतं, गटारं गाळानं भरतात, पाणी तुंबतं, अस्तराच्या मागची पोकळी वाढते. बंद बोगद्यावर खर्च थांबत नाही. दर वर्षाचा थोडा खर्च टाळला की तो साचून एकदम समोर येतो. आज या मार्गावर रेल्वे आणायची कुठलीही योजना चौथ्या बोगद्यापाशी येऊन ठेपते.

बाहेरचा मार्गही सुरक्षित नाही. रुळांच्या जागी सायकलवाट झाली, ही चांगली गोष्ट; पण रुळांसाठी ती परत मागितली तर तिच्यावर हक्क सांगणारे हजारो लोक आहेत आणि त्यांचं म्हणणंही खरं आहे. एका उपयोगाचं हित दुसऱ्याच्या आड येतं आणि कोणीच चुकीचं नसतं. बोगद्याच्या पुनर्वापरातली खरी कठीण गोष्ट हीच आहे.

आपल्याकडे बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरं झालं. २५ बोगदे, उभा खडक, पटकी आणि हजारो मजूर. त्यांच्या मृत्यूंची नीट यादी करणारा पॉम्फ्रेट मात्र त्यांना मिळाला नाही. १९२९ मध्ये मार्ग बदलला आणि गाडीची दिशा उलटवणारं खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन निकामी झालं. आपल्या घाटांत असे सोडलेले तुकडे आहेत आणि नवे मार्ग झाले की आणखी होतील. कोणी म्हणेल तिथं पायवाट करा, कोणी म्हणेल संग्रहालय, कोणी केबल आणि पाइप टाकायला जागा मागेल. यातलं काहीही करायला हरकत नाही. पण आधी मोजणी व्हावी, मालकी एका खात्याकडे स्पष्ट असावी, पाण्याचा निचरा आणि अस्तराची तपासणी दर पावसाळ्यानंतर व्हावी आणि जागा देताना मुदत आणि परतीची अट लिहून घ्यावी. उद्या रेल्वेला किंवा रस्त्याला जागा लागली तर काय हलवता येईल आणि काय नाही, हे कराराच्या पहिल्या पानावर असावं.

वुडहेडच्या पहिल्या बांधणाऱ्यांनी मजुरांच्या जिवाची किंमत केली नाही, तो दोष त्यांच्यावर कायमचा आहे. पण भिंतीत कमानी ठेवून त्यांनी पुढच्यांसाठी जागा राखली. दीडशेहून जास्त वर्षांनी, त्यांच्यापेक्षा कितीतरी श्रीमंत आणि जाणत्या पिढीनं तिसरा बोगदा भरताना तेवढं केलं नाही. सोडलेला बोगदा वापरात आणताना आपण त्यांच्याकडून हीच एक गोष्ट घ्यावी: आजचं काम भागवावं, पण पुढच्याचा रस्ता बुजवू नये.