वंशावळ म्हणजे वारसाक्रम नव्हे: कुलाब्याच्या आंग्र्यांचं उदाहरण

सरदार घराण्यावर प्रबंध लिहायचा म्हटलं की पहिल्या प्रकरणात वंशावळ येतेच. घोळ तिथूनच सुरू होतो. कोण कोणाचा मुलगा, एवढंच वंशावळ सांगते. सत्ता कोणाकडे गेली आणि का, हे नाही. आपल्या पनवेलहून पेण-वडखळमार्गे अलिबागला गेलात की ज्यांचा कुलाबा किल्ला समोर दिसतो, त्या आंग्र्यांचंच बघा.

कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि थोरला सेखोजी सरखेल झाला. इथवर सगळं सरळ. पण १७३३ मध्ये, जंजिऱ्याची मोहीम चालू असतानाच, सेखोजी गेला आणि संभाजी व मानाजी या भावांत जुंपली. मानाजीने पोर्तुगीजांची मदत घेतली. शेवटी १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावाने दौलत वाटून दिली: मानाजीला कुलाबा आणि 'वजारतमाब' किताब, संभाजीला सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाची बाजू आणि 'सरखेल' पद. आता हा पेशवा तुमच्या तक्त्यात कुठे बसवाल? तो तर या कुळातलाच नाही! आणि माझ्या मते वाटणीचा खरा फायदा त्यालाच झाला, कारण एकसंध आरमार दुभंगलं. संभाजीनंतर विजयदुर्गाला तुळाजी आला. त्याच्याविरुद्ध तर पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, तुळाजी कैदेत गेला.

दुसरी गोष्ट शब्दांची. कान्होजींच्या काही मुलांना इंग्रजी साधनं थेट 'अनौरस' म्हणतात. ते जसंच्या तसं उचलू नका. हे कोणी, कधी, कोणत्या भांडणात लिहिलं, ते आधी विचारा. मानाजीला राज्य मिळालंच ना? म्हणजे त्या काळच्या व्यवहारात हा शिक्का निर्णायक ठरला नव्हता.

आणि शंभर वर्षांनी नेमकं उलटं झालं. दुसरा रघुजी १८३८ मध्ये वारला. त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा १८३९ मध्ये दगावला. घराण्याला दत्तक हवा होता, कंपनीने परवानगी दिली नाही आणि १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा झालं. डलहौसी हिंदुस्थानात यायला अजून आठ वर्षं होती, हे परीक्षेपुरतं 'खालसा धोरण म्हणजे डलहौसी' पाठ केलेल्यांनी लक्षात घ्यावं.

तेव्हा तक्ता करताना प्रत्येक नावापुढे दोन रकाने ठेवा: जन्माने कोण, आणि मान्यता कोणाची. दुसरा भरायलाच जास्त वेळ लागेल.