नमुन्याच्या पायाची चिठ्ठी

मेळघाटातील सागाची पानगळ झाली, की एखाद्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर भर उन्हात बसलेला एक लहानसा घुबडवर्गीय पक्षी क्वचित दृष्टीस पडतो. गावाकडच्या ढोलीत राहणाऱ्या नेहमीच्या पिंगळ्यासारखाच तो दिसतो. मात्र त्याच्या डोक्यावरचे ठिपके फिकट, पोट पांढरे आणि नखे अधिक दणकट असतात. हा रानपिंगळा. आज अमरावती जिल्ह्यातील हे जंगल त्याच्या मोजक्या आश्रयस्थानांपैकी एक गणले जाते. परंतु १८८४ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे ११३ वर्षे, विज्ञानाच्या दप्तरी तो जवळजवळ मृतच होता. त्याचा शोध लांबण्यास जी कारणे घडली, त्यांत एका खोट्या नोंदीचाही वाटा होता.

या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली केले. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव निगडित आहे, तेच हे ह्यूम. ज्या १८८५ साली काँग्रेस जन्मली, त्याच साली त्यांनी आपला प्रचंड पक्षिसंग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केला. त्याआधी त्यांच्यावर एक आघात झाला होता. पंचवीस वर्षे जमवलेली टिपणे सिमल्याच्या घरातून नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली! पक्ष्यांची कातडी उरली, त्यांविषयीचे लिखाण मात्र पुडीच्या कागदाच्या वाटेने गेले. पक्षिशास्त्रातून त्यांचे मन उडाले ते बऱ्याच अंशी त्यामुळेच.

रानपिंगळ्याचे जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने होते. त्यांतील बहुतेक जेम्स डेव्हिडसन या खानदेशातील मुलकी अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत शहादा-तळोदा परिसरात मिळवले होते. संग्रहालयातील प्रत्येक नमुन्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर स्थळ, दिनांक आणि संग्राहकाचे नाव असते. ती चिठ्ठी नसेल, तर तो नमुना म्हणजे केवळ पेंढा भरलेले कातडे होय. सातांपैकी एकाच्या चिठ्ठीवर १९१४ साल, गुजरातेतील तापीकाठचे मांडवी हे गाव आणि कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचे नाव होते. कर्नलसाहेब नामांकित सैनिक आणि नामांकित पक्षिसंग्राहक. १९६७ साली ते वारले तेव्हा त्यांच्या शब्दावर शंका घेणारे विरळाच होते.

या चिठ्ठीने दोन गोष्टी साधल्या. पक्ष्याचे शेवटचे दर्शन तीस वर्षांनी पुढे सरकले, आणि शोध घेणाऱ्यांना एक चुकीचा पत्ता मिळाला. ज्यांनी मांडवीच्या परिसरात शोध घेतला ते रिकाम्या हाताने परतले. सातबाऱ्यावर एक खोटा फेरफार चढला, की पुढच्या पिढ्यांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे वऱ्हाडातल्या कास्तकाराला निराळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी हे नमुने एकमेकांशेजारी ठेवून तपासले. माइनर्ट्झहागेन यांचा पक्षी पुन्हा भरून पुन्हा शिवलेला होता. पण मूळ कारागिरीच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या, आणि त्या खुणा डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. म्हणजे संग्रहालयातील एक नमुना चोरून त्याची चिठ्ठी बदलण्यात आली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली हा सारा प्रकार सप्रमाण प्रसिद्ध केला.

खरी गंमत त्याच्या आधीच घडली होती. संशयास्पद चिठ्ठी बाजूला सारून, केवळ खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावांच्या आधारे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट १९९७ च्या नोव्हेंबरात भारतात आले. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी काही मिळाले नाही. मग ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले, आणि २५ नोव्हेंबर रोजी पक्षी समोर बसलेला दिसला! पुढच्या काही वर्षांतील पाहण्यांत तो मेळघाटात आढळला, मध्य प्रदेशातील खंडव्याकडच्या जंगलांतही आढळला. पुढे तो गुजरातेत डांगच्या जंगलातही सापडला. म्हणून कर्नलसाहेब खरे ठरले, असा बचाव कोणी मांडू नये. अंदाजाने ठोकलेले उत्तर बरोबर आले, तरी कोणताही गणिताचा मास्तर त्याला गुण देत नाही.

अर्थात सगळा दोष एका चिठ्ठीच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. सातपुड्याच्या या जंगलांत पिंगळा बारकाईने पाहणारे कितीसे गेले होते? दिसला असेल तोही नेहमीचा पिंगळा म्हणून सोडून दिला गेला असण्याचा संभव आहे.

चोरी उघडकीस आली ती नमुना जपलेला होता म्हणून, आणि परक्या अभ्यासकाला तो हाताळू दिला म्हणून. आजच्या जीवशास्त्रात कातड्याची जागा बऱ्याच अंशी आकड्यांनी आणि जनुकीय अनुक्रमांनी घेतली आहे. पण प्रश्न तोच आहे. निष्कर्ष छापायचा आणि मूळ आकडे कपाटात ठेवायचे, ही विद्वानांची जुनी खोड होती. २०११ पासून उत्क्रांतिशास्त्राच्या काही प्रमुख नियतकालिकांनी निबंधामागील आकडे सार्वजनिक संग्रहात ठेवण्याची अट घातली. २०२० साली कोळ्यांच्या वर्तनावरील काही निबंध मागे घ्यावे लागले. त्यांतील आकड्यांची संशयास्पद पुनरावृत्ती इतरांना पडताळता आली, कारण ते आकडे खुले होते. रानपिंगळ्याचे कूळ कोणते, हा शतकभराचा वादही भारतीय संशोधकांनी २०१८ साली जनुकांच्या साहाय्याने सोडवला. ह्यूम यांनी त्याच्यासाठी निराळी प्रजाती कल्पिली होती. प्रत्यक्षात तो नेहमीच्या पिंगळ्याच्याच गोतावळ्यातला निघाला. हा निबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतो.

वऱ्हाडाशी याचा संबंध केवळ एका पक्ष्यापुरता नाही. अकोला-खंडवा मीटरगेजचे रुंदीकरण मेळघाटातून करावे की जंगलाला वळसा घालून, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २०२१ साली राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच मार्ग बाहेरून न्यावा असे केंद्राला कळवले. अशा वादात जंगलात काय आहे, ते कोणी, कधी आणि कोठे पाहिले, हेच शेवटी विचारले जाते. राजस्थानातील सरिस्क्यात कागदोपत्री वाघ होते. २००५ साली जंगलात एकही नाही, असे निष्पन्न झाले. आणि इकडे महाविद्यालयीन विद्यार्थी चिखलदऱ्याच्या, नरनाळ्याच्या सहलीत ज्या वह्या भरतात, त्या परीक्षा आटोपली की ह्यूमसाहेबांच्या टिपणांच्याच वाटेने जातात. वहीत पक्ष्याचे नाव असते. दिनांक आणि ठिकाण पुष्कळदा नसतेच.

खुलेपणालाही एक अडचण आहे. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचा नेमका पत्ता जाहीर झाला, तर कॅमेरे घेऊन आलेली गर्दीच त्याला हुसकावून लावील. त्यावर अभ्यासकांनी काढलेली तोड अशी, की मूळ नोंद पूर्ण आणि अचूक ठेवायची, पडताळू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला ती दाखवायची, आणि छापताना फक्त तालुक्याचे किंवा वनक्षेत्राचे नाव द्यायचे. सागाची ती ढोली नेमकी कोणती, हे वर्तमानपत्रात यायचे कारण नाही. नोंदवहीत मात्र ते असलेच पाहिजे.