खरवडलेलें चर्मपत्र व नाकारलेली पदवी

चर्मपत्र महाग, म्हणून जुनें लेखन खरवडून त्यावरच नवें लिहीत. असलें एक पुस्तक इ. स. १८९२ मध्यें सिनाईच्या सेंट कॅथरिन मठांत अ‍ॅग्नेस लुईस यांस आढळलें. वर संत स्त्रियांचीं चरित्रें, खालीं शुभवर्तमानांचें प्राचीन सिरियाक भाषांतर. बाईंनीं त्याचें महत्त्व हेरून छायाचित्रें घेतलीं. १८९६ त त्यांनीं व जुळी बहीण मार्गारेट गिब्सन यांनीं आणलेल्या एका पानांत शेख्टर यांस बेन सिराचा हिब्रू पाठ सांपडला. त्याच धाग्यानें कैरोच्या गनिझांतील सुमारें १,९३,००० तुकडे केंब्रिजास आले.

त्याच विद्यापीठानें १८९७ त स्त्रियांस पदवी देण्याचा ठराव फेटाळला. तो हक्क त्यांस १९४८ त मिळाला. सेंट अँड्र्यूज व हायडेलबर्ग यांनीं मात्र दोघी भगिनींस सन्मान्य पदव्या दिल्या.

या भगिनींपाशीं प्रवासास पैसा होता. ज्यांपाशीं तो नव्हता, त्यांच्यापुढें दार बंद राहिल्यानें किती पानें अवाचित राहिलीं, याची गणती कोण करणार? म्हणून संग्राहकांनीं व विद्यापीठांनीं वाचणाराची जात वा लिंग न पाहतां त्याचें वाचन तपासावें. यांत उपकार वाचकावर नसून दप्तरावरच आहे.